पित्ताशयाचे ऑपरेशन : कापण्याआधी नळी ओळखली पाहिजे



मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एका ताईचे पित्ताशयाचे दुर्बिणीचे ऑपरेशन झाले. वय ३८, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. तिसऱ्या दिवशी पोट फुगले, उजवा खांदा दुखू लागला, जेवण जाईना. दवाखान्यात फोन केला तर "गॅस धरलाय, होईल बरं" असे उत्तर आले. सहाव्या दिवशी डोळे पिवळे दिसले. शेजारणी म्हणाल्या, कावीळ झाली, उतरवून आणा. घरच्यांनी दोन दिवस कावीळ उतरवणाऱ्याकडे फेऱ्या मारल्या. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कुठे तिच्या जावेने आम्हाला बोलावले.

आम्ही तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत पोटात पाणी साचलेले दिसले. सुई घालून काढले तर ते पाणी नव्हते, हिरवट पित्तरस होता. ऑपरेशनच्या वेळी यकृताकडून येणारी मुख्य नळीच कापली गेली होती आणि नऊ दिवस ते कोणालाच कळले नव्हते.

ताई वाचली. पण आधी पोटात नळी टाकून पित्त बाहेर काढावे लागले आणि काही आठवड्यांनी दुसरे मोठे ऑपरेशन झाले. चारही घरची कामे गेली. त्या धावपळीत तिच्या जावेने एकदा विचारले, "सिस्टर, ऑपरेशन चालू होतं तेव्हाच डॉक्टरांना हे कसं दिसलं नाही?"

प्रश्न अगदी नेमका आहे. ओटीत डॉक्टरांच्या हातात अवजारे देत आम्ही बरीच वर्षे उभ्या राहिलो आहोत, म्हणून या वेळच्या पानावर याच प्रश्नाचे उत्तर देत आहोत.

'पित्त झालंय' आणि पित्ताशय

आपल्या बोलण्यात 'पित्त झालं' म्हणजे आंबट ढेकर, छातीत जळजळ. डॉक्टर ज्याला पित्तरस म्हणतात तो वेगळा. तो यकृतात तयार होतो, रंगाने हिरवट पिवळा असतो आणि तेल-तूप पचवायला लागतो. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवते. त्यातला थोडा पित्ताशयात साठतो. पित्ताशय म्हणजे यकृताखाली चिकटलेली छोटी पिशवी.

या घोळामुळे कितीतरी बायका खड्यांचे दुखणे पित्ताच्या गोळीवर वर्षानुवर्षे ढकलतात. खड्याची कळ बहुधा जेवणानंतर किंवा रात्री, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी येते. ती पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाते, अर्धा तास ते काही तास टिकते. अशी कळ पुन्हा पुन्हा येत असेल तर सोनोग्राफी करून घ्या.

आता नळ्यांची रचना समजून घेऊ. वस्तीतल्या नळाचे उदाहरण घ्या. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून दोन नळ्या येतात, एकत्र होतात आणि एक मेन लाइन बनते. ती खाली जाऊन आतड्यात उघडते. पित्ताशय ही या मेन लाइनच्या बाजूची टाकी आहे. टाकीपासून मेन लाइनपर्यंत एक आखूड, बारीक कनेक्शन असते. ऑपरेशनमध्ये फक्त हे कनेक्शन बंद करून टाकी काढायची असते. मेन लाइनला हात लागता कामा नये, कारण यकृताला पित्तरस सोडायला दुसरी वाट नाही. ही मेन लाइन किती जाड? साधारण सहा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक.

डोळ्यांना चकवा कसा बसतो

पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केले. पुढची शंभर वर्षे पोट मोठे चिरूनच ते होत असे. १९८५ मध्ये जर्मनीच्या एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी हे तंत्र भारतात आणले. तीन-चार छोटी छिद्रे, कमी दुखणे, लवकर घरी. हातावर पोट असणाऱ्या माणसाला याचा फार मोठा फायदा झाला. हजेरी बुडाली की चूल थंडावते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पण या सोयीबरोबर एक धोकाही आला. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये हजारात एक-दोघांच्या मुख्य नळीला इजा होत असे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, विशेषतः सुरुवातीच्या काळात, हे प्रमाण हजारात तीन ते पाचपर्यंत गेले. आकडा लहान आहे. हजारातले साडेनऊशेहून कितीतरी जास्त लोक सुखरूप घरी जातात, म्हणून घाबरून ऑपरेशन टाळू नका. पण ज्या घरावर ही वेळ येते त्या घराला ती वर्षभर पुरते.

इजा होते कशी? पित्ताशय सुजलेले असते, आजूबाजूला सगळे चिकटलेले असते. डॉक्टर पित्ताशय वर ओढून धरतात तेव्हा मेन लाइनही ओढली जाते आणि कनेक्शनसारखीच सरळ दिसू लागते. काही जणांच्या नळ्यांची ठेवण जन्मतःच वेगळी असते. डॉक्टरांना मनापासून वाटते की हेच कनेक्शन, आणि ते मेन लाइनला क्लिप लावतात. अमेरिकेत लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडला. त्यातल्या ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण हाताची चूक नव्हती, डोळ्यांना झालेला भास होता.

जावेच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ज्याला भास झाला आहे त्याला तो भास आहे हे कळत नाही. तो स्वतःच्या नजरेने पुन्हा पाहतो तेव्हाही त्याला तेच दिसते. म्हणूनच बहुतेक इजा टेबलावर लक्षात येत नाहीत, पुढे पेशंटच्या त्रासातून कळतात. भास मोडायचा तर डोळ्यांपेक्षा वेगळा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे नळीचा फोटो.

ऑपरेशन चालू असतानाचा फोटो

या फोटोला कोलान्जिओग्राम म्हणतात. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात पाब्लो मिरिझी यांनी १९३१ मध्ये ऑपरेशन टेबलावर तो पहिल्यांदा काढला. पद्धत आजही तीच आहे.

पित्ताशयाच्या बाजूला एक क्लिप लावतात. जी नळी टाकीचे कनेक्शन आहे असे डॉक्टरांना वाटते तिला बारीकशी खाच देऊन एक सूक्ष्म नळी आत सरकवतात. त्यातून एक्स-रेमध्ये दिसणारे औषध सोडतात आणि सी-आर्म नावाच्या फिरत्या एक्स-रे मशीनवर ते औषध कुठे कुठे जाते ते पाहतात. सरावलेल्या हातांना यासाठी साधारण १० ते २० मिनिटे जास्त लागतात.

पडद्यावर चार गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली, औषध खाली आतड्यात उतरते का. दुसरी, ते वर यकृताच्या उजव्या आणि डाव्या दोन्ही नळ्यांत भरते का. तिसरी, ते कुठे बाहेर सांडते का. चौथी, मेन लाइनमध्ये खडा अडकला आहे का.

यातली दुसरी गोष्ट जिवाची. औषध खाली गेले पण वर काहीच भरले नाही, तर ती धोक्याची घंटा समजायची. सूक्ष्म नळी कनेक्शनमध्ये नसून मेन लाइनमध्ये गेली असेल आणि वरची वाट क्लिपने बंद झाली असेल, अशी दाट शंका घ्यायची आणि तिथेच थांबायचे. तोवर नळीला फक्त खाच पडलेली असते, ती पूर्ण कापलेली नसते. क्लिप काढून, खाच सांधून पेशंट बराचसा सुखरूप राहू शकतो. फोटो न काढता पुढे गेले तर तीच नळी आरपार कापली जाते, कधी तिचा तुकडाही पित्ताशयाबरोबर निघून येतो.

फोटोतल्या एक्स-रेचा डोस कमी असतो. तरीही दिवस गेले असण्याची शक्यता असेल, किंवा पूर्वी सिटी स्कॅनच्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील, तर आधीच सांगावे.

फोटोने इजा टळते का? खरे ते सांगतो

अमेरिकेत २००३ मध्ये सुमारे १५ लाख ७० हजार ऑपरेशनांचा आढावा छापून आला. त्यातले बहुतेक पेशंट वयस्कर होते. फोटो काढला त्यांच्यात इजेचे प्रमाण ०.३९ टक्के होते, न काढलेल्यांत ०.५८ टक्के. म्हणजे हजारात चार आणि हजारात सहा. नंतर २०१३ मध्ये टेक्सास राज्यातल्या सुमारे ९३ हजार ऑपरेशनांचा अभ्यास झाला. साध्या मोजणीत तिथेही फोटोवाल्यांत इजा कमी दिसल्या. पण कोणते पेशंट आधीच जास्त बिकट होते, कोणते डॉक्टर आणि रुग्णालये नेहमीच फोटो काढतात, या गोष्टी धरून पुन्हा हिशेब केला तेव्हा तो फरक खात्रीचा उरला नाही.

त्यामुळे जगभरात दोन मते आहेत. स्वीडनमध्ये बहुतेक सगळ्यांचा फोटो काढतात. इतर अनेक ठिकाणी शंका असेल तेव्हाच काढतात. म्हणून 'फोटो काढला नाही, म्हणजे डॉक्टर दोषी' असे आम्ही म्हणत नाही. फोटो काढूनही तो नीट वाचला नाही तर त्याचा उपयोग शून्य. पण एका गोष्टीवर फारसा वाद नाही : नळी ओळखण्यात शंका आली तर अंदाजाने कापायचे नाही. फोटो काढायचा, जाणत्या सहकाऱ्याला बोलवायचे किंवा थांबायचे. आणि इजा झालीच, तर ती टेबलावर कळणे आणि नवव्या दिवशी कळणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हिरवा प्रकाश

गेल्या काही वर्षांत आणखी एक पद्धत आली आहे. आयसीजी नावाचे हिरवे औषध ऑपरेशनआधी हाताच्या शिरेतून देतात. यकृत ते पित्तरसात सोडते. मग खास कॅमेऱ्याने पाहिले की पित्ताच्या नळ्या पडद्यावर हिरव्या चमकतात. एक्स-रे नाही, नळीला खाच द्यावी लागत नाही, काही कापण्याआधीच पाहता येते आणि हवे तितक्या वेळा पाहता येते.

त्यालाही मर्यादा आहेत. चरबी जाड असेल किंवा सूज खूप असेल तर प्रकाश पोहोचत नाही. नळीतला खडा त्यात नीट कळत नाही. औषधात आयोडीन असल्याने आयोडीनची अॅलर्जी असेल तर सांगावे लागते. खास कॅमेरा महाग असतो, त्यामुळे तो सगळीकडे मिळत नाही.

मशीन नसेल तर काय?

आपल्यापैकी बरेच जण जिथे ऑपरेशन करून घेतात तिथे सी-आर्म मोकळे नसते, हिरवा कॅमेरा तर लांबच. पण सगळ्यात मोठ्या बचावाला पैसे लागत नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेचे सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी एक नियम सांगितला, तो आज जगभर शिकवला जातो. क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. पित्ताशयाच्या मानेजवळची सगळी चरबी आणि चिकटलेला भाग साफ झालेला असावा. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा केलेला असावा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी दिसाव्यात : एक त्याची नळी, दुसरी त्याची रक्तवाहिनी. तिसरे काही दिसता कामा नये. हे तीनही दिसेपर्यंत काहीही कापायचे नाही.

हे दृश्य दिसतच नसेल तर चांगला सर्जन मागे फिरतो. तो पोट उघडून ऑपरेशन करतो, किंवा पित्ताशयाचा धोक्याचा भाग तसाच ठेवून उरलेले काढतो, किंवा नुसती नळी ठेवून पेशंटला मोठ्या रुग्णालयात पाठवतो.

इथे आपल्या लोकांना एक हात जोडून सांगणे आहे. 'दुर्बिणीचं सांगितलं आणि एवढं पोट फाडलं' म्हणून नातेवाईक वॉर्डात भांडताना आम्ही पाहिले आहेत. मोठा चिरा दिला म्हणजे डॉक्टरला येत नाही, असे समजू नका. बहुतेक वेळा तो चिरा पेशंटच्या भल्यासाठीच असतो. भांडणाच्या भीतीने डॉक्टर अंधारात पुढे जावेत, असे आपल्यालाही नको आहे.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. ज्यांचा रिपोर्ट 'एसएस' आहे त्यांच्या लाल पेशी लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतून पिवळे द्रव्य सुटते, ते पित्तात साठते आणि काळे खडे होतात. म्हणून आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पित्ताशयाचे खडे आढळतात.

अशा पेशंटचे डोळे एरवीही थोडे पिवळे असतात. ऑपरेशननंतर पिवळेपणा वाढला तरी घरचे आणि कधी कधी दवाखान्यातलेही म्हणतात, "सिकलचंच आहे." इथेच दिवस वाया जातात. त्यावर सोपा उपाय आहे. ऑपरेशनच्या आधी यकृताची रक्ततपासणी करून तो कागद जपून ठेवा. त्यात बिलिरुबिनचे 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट' असे दोन आकडे असतात. सिकलमुळे मुख्यतः इनडायरेक्ट वाढतो. नळी बंद झाली तर डायरेक्ट वाढतो. ऑपरेशननंतर शंका आली तर नवा कागद जुन्याशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.

सिकल असलेल्यांच्या मेन लाइनमध्येही खडे सापडतात, म्हणून त्यांच्या बाबतीत टेबलावरच्या फोटोचा दुहेरी उपयोग होऊ शकतो. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेल आहे हे आधी सांगितलेच पाहिजे. थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची कमतरता यांनी त्रास उसळतो, त्याची तयारी त्यांना करावी लागते.

घरी आल्यावर डोळ्यांत तेल घालून पाहा

एक साधा नियम लक्षात ठेवा : दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पेशंट रोज कालच्यापेक्षा बरा दिसला पाहिजे. पहिल्या दिवशी खांदा थोडा दुखतो, पोटात भरलेल्या गॅसमुळे, ते खरे आहे. पण ते उतरत गेले पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास वाढत असेल तर 'गॅस आहे' हे उत्तर मान्य करू नका. पुढचे काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवा :

• पोट फुगत जाणे, दुखणे वाढणे, उलट्या, जेवण न जाणे
• ताप किंवा थंडी वाजणे
• डोळे पिवळे, लघवी गर्द, शौच मातकट पांढरे, अंगाला खाज
• पोटातल्या नळीतून किंवा टाक्यातून हिरवट पिवळे पाणी येणे

पित्त पोटात सांडत असेल तर डोळे लवकर पिवळे होत नाहीत, आधी पोट फुगते. म्हणून डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका. आणि पिवळे झालेच तर कावीळ उतरवायला कोणाकडेही जाऊ नका. हात धुतलेले पाणी पिवळे करून दाखवल्याने तुटलेली नळी सांधत नाही. त्या ताईचे दोन दिवस तिथेच गेले.

दवाखान्यात यकृताची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी आधी होते. पुढे गरज पडली तर सिटी स्कॅन किंवा एमआरसीपी, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेला नळ्यांचा फोटो. नुसती गळती असेल तर तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. नळी पूर्ण तुटली असेल तर आतड्याचा भाग वर आणून यकृताच्या नळीला जोडावा लागतो.

ही जोडणी कोणी करायची, हे फार महत्त्वाचे. १९९५ मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात, ज्या सर्जनच्या हातून इजा झाली त्यांनीच केलेल्या दुरुस्तीपैकी फक्त १७ टक्के टिकल्या. मोठ्या केंद्रातल्या यकृत-पित्तनलिकेच्या तज्ज्ञांनी केलेल्या ९४ टक्के टिकल्या. म्हणून 'आम्हीच परत उघडून बघतो' असे कोणी म्हणाले तर नम्रपणे सांगा, आम्हाला या कामाच्या तज्ज्ञाकडे पाठवा. तिथे पोहोचेपर्यंत पोटात नळी ठेवणे आणि जंतुसंसर्ग आवरणे एवढे बहुधा पुरेसे असते.

पैसा आणि सत्ता हाताशी असली तरी ही इजा माणसाला सोडत नाही. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांची पित्तनलिका १९५३ मध्ये लंडनच्या ऑपरेशनमध्ये कापली गेली. दुरुस्तीसाठी ते अमेरिकेत बोस्टनला रिचर्ड कॅटेल या तज्ज्ञाकडे गेले. तरीही तापाचे झटके येतच राहिले. पुढे ते पंतप्रधान झाले, १९५६ च्या सुएझच्या पेचप्रसंगातही तो ताप त्यांच्या मागे होता आणि जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी राजीनामा दिला. ईडन समुद्रापार तज्ज्ञाकडे जाऊ शकले. आपल्या ताईला जवळच्या मोठ्या रुग्णालयात वेळेत पोहोचता आले तरी खूप झाले असते.

संमतीपत्रावर सही करण्याआधी

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. हात जोडून पण स्पष्ट शब्दांत हे पाच प्रश्न विचारा :

१. पित्ताशय खूप सुजलेले आहे का? ऑपरेशन अवघड जाईल असे वाटते का?
२. नळी ओळखण्यात शंका आली तर तुम्ही काय कराल?
३. टेबलावर फोटो काढायची किंवा हिरव्या कॅमेऱ्याची सोय इथे आहे का?
४. गरज पडली तर पोट उघडाल ना? त्याला आमची हरकत नाही.
५. घरी गेल्यावर त्रास झाला तर रात्री कोणाला फोन करायचा?

तिसऱ्याचे उत्तर 'नाही' आले म्हणून लगेच उठून जायची गरज नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काय येते ते नीट ऐका. जो डॉक्टर थांबण्याची, मोठा चिरा देण्याची, जाणत्याला बोलवण्याची भाषा करतो तो भरवशाचा. जो म्हणतो 'शंका येतच नाही', तिथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. हे ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते ते विचारून घ्या.

कागद सोडू नका. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनमध्ये काय दिसले, काय केले हे लिहिलेले असावे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत बदल करून रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी जागी लावायला सांगितली आहे. ती सनद वाचा, वाचता येत नसेल तर मुलाबाळांकडून वाचून घ्या. पित्ताशय तपासणीला पाठवले का, तेही विचारा आणि रिपोर्ट घ्या.

ती ताई आता दोन घरची कामे धरू लागली आहे. अधूनमधून ताप आला की तिला लगेच रुग्णालय गाठावे लागते, कारण जोडलेली नळी अरुंद होऊ शकते. हे तिला आयुष्यभर लक्षात ठेवावे लागेल. तिची जाऊ आता वस्तीत कोणाचेही पोटाचे ऑपरेशन झाले की तिसऱ्या दिवशी त्या घरी जाते आणि विचारते, "काल होतीस त्यापेक्षा आज बरी आहेस ना?"

हा प्रश्न प्रत्येक गल्लीत एकीने तरी विचारावा. वरची लक्षणे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या फलकावर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.